पुठ्ठ्याचे चिलखत, कागदाचा जिरेटोप



स्मरणिका समितीने ‘गॅदरिंगचा कपडेपट’ या विषयावर दोन पाने लिहायला सांगितले. ऐतिहासिक नाटुकले नाही असे आपल्या शाळेचे एकही स्नेहसंमेलन झाले नाही. कधी अफजलखानाचा वध, कधी सिंहगड, कधी पावनखिंड. त्यात काम केलेल्यांच्या आठवणी या अंकात इतरत्र येतीलच. मी लिहितो आहे ते त्यांच्या अंगावर जे होते त्याबद्दल. वहीच्या पुठ्ठ्याची, गोणपाटाची, सुतळीची आणि वर्तमानपत्राच्या रद्दीची ती चिलखते आपल्याला घरगुती जुगाड वाटायची. माहिती गोळा करायला लागलो तेव्हा कळले की या जुगाडालाही फार जुना इतिहास आहे. तो चीनमधून, न्यूरेंबर्गमधून, सांगलीहून फिरत फिरत आपल्या शाळेच्या चित्रकला वर्गापर्यंत येतो.

खरे चिलखत कसे होते

आधी खऱ्याबद्दल. ‘जिरेटोप’ या शब्दातल्या ‘जिरे’चा स्वयंपाकघरातल्या जिऱ्याशी काही संबंध नाही. फारसीत ‘जिरह’ म्हणजे लोखंडी कड्यांची जाळी. ती जाळी जोडलेला टोप तो जिरेटोप. ‘बख्तर’ हाही शब्द फारसीतूनच आला. कड्यांच्या जाळीच्या अंगरख्यावर छाती, पाठ आणि दोन्ही कुशी झाकणारे चार पत्रे बांधत, त्यांना ‘चार आईना’ म्हणत. हातावर कोपरापर्यंत दस्ताने. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अशी शस्त्रसामग्री काचेआड पाहायला मिळते. शाळेच्या सहलीत आपण ती पाहिली आहे, पण तेव्हा लक्ष बहुधा डब्याकडे होते.

युरोपातल्या सरदारांचे पोलादी पत्र्याचे पूर्ण चिलखत साधारण १५ ते २५ किलोचे असे. वजन सगळ्या अंगावर वाटलेले असल्याने ते घालून माणूस पळू शकत असे, घोड्यावर चढू शकत असे. पण आठवीतल्या मुलाच्या अंगावर ते चढवता येणार नाही, हेही उघड आहे.

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज अफजलखानाला भेटले तेव्हा अंगरख्याच्या आत चिलखत होते आणि डोक्यावरच्या वस्त्राखाली लोखंडी टोप होता, असे बखरी सांगतात. खानाचा वार त्या चिलखतावर आला. म्हणजे त्या दिवशी चिलखताचा सगळा उपयोग ते दिसत नसण्यात होता. आपल्या नाटकात मात्र आपण ते नेमके अंगरख्याच्या बाहेर घालायचो, कारण शेवटच्या रांगेतल्या पालकांना ते दिसले पाहिजे. रणातले चिलखत वार झेलण्यासाठी, रंगमंचावरचे नजर झेलण्यासाठी. हा फरक एकदा ध्यानात घेतला की पुढचा सगळा इतिहास समजायला सोपा जातो.

कागद, कापड आणि खळ

तरीही कागदाचे चिलखत ही केवळ नाटकातली गोष्ट नाही. तांग राजवटीत, नवव्या शतकात, शू शांग नावाच्या अधिकाऱ्याने घड्या घातलेल्या कागदाची चिलखते आपल्या शिपायांना दिली, अशी नोंद चिनी इतिहासग्रंथात आहे. बाण त्यातून आरपार जात नसे, असे त्यात म्हटले आहे. एक कागद बोटाने फाटतो, पण कागदाच्या अनेक थरांची घट्ट घडी सुरीलाही दाद देत नाही. ज्यांनी जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत खिळा ठोकून पाहिला असेल त्यांना हे पटेल.

प्राचीन ग्रीक सैनिक तागासारख्या धाग्याच्या कापडाचे उरस्त्राण वापरत. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ग्रीन बे येथील शाखेत ग्रेगरी अल्ड्रेट या इतिहासाच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन असे उरस्त्राण करून पाहिले. कापडाचे थर एकावर एक चिकटवले, त्यावर बाण मारून पाहिले आणि ते वापरण्याजोगे संरक्षण देते असे दाखवून दिले. त्यांचा मूळ प्रश्न एका विद्यार्थ्याच्या हौसेतून आला होता. चित्रात दिसणारे ते चिलखत त्याला स्वतःला घालायचे होते.

आपल्याकडे थरांची ही विद्या मुखवट्यांत टिकली. जव्हार-मोखाडा भागातल्या बोहाड्याचे मुखवटे कागदाच्या लगद्याचे आणि लाकडाचे असतात. घालून रात्रभर नाचायचे असल्याने ते हलके असावे लागतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरायचे असल्याने टिकाऊही. आपल्या चित्रकलेच्या सरांची रीत याच कुळातली. उपड्या मडक्याला तेलाचा हात फिरवायचा, पहिला थर नुसत्या ओल्या कागदाचा, पुढचे थर मैद्याच्या खळीत बुडवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे, एक थर आडवा तर दुसरा उभा. खळ शिजवताना त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे उंदीर-झुरळे लागत नाहीत. दोन-तीन दिवस गच्चीवर ऊन, मग ब्लेडने कापून मडक्यावरून सोडवायचे. आडवा-उभा थर का, असे विचारले तर सर म्हणायचे, “कागदाला धागा असतो. एका बाजूने तो लगेच फाटतो, दुसऱ्या बाजूने नाही. दोघांना एकमेकांवर बसवलं की दोघेही ऐकतात.” पुढे मी खोके बनवण्याच्या व्यवसायात गेलो. पुठ्ठ्याचा धागा कोणत्या दिशेने ठेवायचा यावर खोके उभे राहते की बसते हे ठरते. तिथे पहिल्या दिवशी शिकवतात तो धडा मी सातवीतच शिकलो होतो.

रंगभूमीवरचे लोखंड

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्याआधी कर्नाटकातल्या कर्की गावच्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले होते आणि तसेच काही मराठीत करावे ही कल्पना त्यातून निघाली. त्या भागातल्या यक्षगानाचे दागिने आजही पाहिले तर हलक्या लाकडावर सोनेरी बेगड आणि आरशाचे तुकडे चिकटवलेले दिसतात. दिव्याच्या उजेडात ते सोन्यासारखे चमकतात. राजाचे राजेपण आणि राक्षसाचे राक्षसपण लांबून कळावे, वजन मात्र नटाला पेलावे, हे गणित तेव्हापासूनचे.

पुढे चित्रपट आले. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२३ साली ‘सिंहगड’ काढला, त्यात शेलारमामांची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. १९५२ साली भालजी पेंढारकरांचा ‘छत्रपती शिवाजी’ आला. आपल्या पिढीच्या डोळ्यासमोर मावळा म्हटला की जो वेष येतो, त्यात पाठ्यपुस्तकातल्या चित्रांइतकाच अशा चित्रपटांचा वाटा आहे.

वेष करणाऱ्यांच्या हातात केवढी ताकद असते याचे एक परदेशी उदाहरण सांगण्यासारखे आहे. व्हायकिंग योद्धा म्हटले की शिंगांचे शिरस्त्राण आठवते. पण व्हायकिंगांनी लढाईत शिंगांची शिरस्त्राणे वापरली याला पुरावा नाही. नॉर्वेत येरमुंदबू येथे १९४३ साली सापडलेले त्या काळचे शिरस्त्राण साधे गोल आहे. शिंगांचे चित्र लोकांच्या मनात पक्के करण्यात १८७६ साली जर्मनीत बायरॉइट येथे झालेल्या वाग्नरच्या संगीतनाट्याचा मोठा हात आहे. त्याचे वेष कार्ल एमिल डोपलर यांनी आखले होते. एका वेषकाराने कागदावर काढलेली शिंगे जगभरच्या कल्पनेत कायमची बसली. म्हणून इतिहासाचे सर तालमीला येऊन आमच्या जिरेटोपावरचा मोरपिसांचा भलामोठा तुरा काढायला लावत, तेव्हा ते उगाच कटकट करत नव्हते. आम्ही मुले जे पाहू तेच खरे मानून मोठे होऊ, हे त्यांना माहीत होते.

कड्यांच्या जाळीचे सोंग कसे आणायचे हा सगळ्याच देशांतल्या नाटकवाल्यांना पडलेला प्रश्न. १९७५ साली आलेल्या ‘माँटी पायथन अँड द होली ग्रेल’ या विनोदी इंग्रजी चित्रपटात सरदारांच्या अंगावर विणलेली लोकर होती, तिला चंदेरी रंग मारलेला. स्कॉटलंडच्या पावसात ती भिजून जड व्हायची आणि नट कुडकुडायचे. त्यानंतर पाव शतकाने ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’साठी न्यूझीलंडमधल्या वेटा कार्यशाळेत प्लॅस्टिकच्या नळ्यांचे काप करून लक्षावधी कड्या हाताने एकमेकींत गुंफल्या.

आपल्याकडे लोकरीचा प्रश्न नव्हता, कारण ती परवडत नव्हती. तिच्या जागी सुतळी होती. आमच्या आधीच्या तुकडीतल्या मुलींनी शिवणकामाच्या बाईंच्या देखरेखीखाली क्रोशाच्या मोठ्या सुईने सुतळीचे चिलखत विणले आणि त्याला ॲल्युमिनियमचा चंदेरी रंग दिला. छातीवर दुधाच्या काचेच्या बाटल्यांची पातळ झाकणे माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक शिवली. वर्गातल्या प्रत्येकाने घरून झाकणे धुऊन आणायची असा नियम होता. हे चिलखत किमान नऊ गॅदरिंगे चालले. ते कोणत्या मुलाने कधी घातले हे बऱ्याच जणांना आठवते. कोणी विणले त्यांची नावे मात्र कार्यक्रमपत्रिकेवर कधीच छापली गेली नाहीत. या अंकाच्या निमित्ताने त्या सात जणींना या पानावरून उशिराचा नमस्कार.

सपाट कागदाचे गोल डोके

आता या विषयातला सर्वांत अवघड भाग. कागद सपाट, डोके गोल. पुठ्ठा नळीसारखा वळतो, शंकूसारखा वळतो, पण चेंडूसारखा वळत नाही. जबरदस्ती केली की सुरकुत्या पडतात. कार्ल फ्रीडरिख गाऊस या गणितज्ञाने १८२७ साली मांडलेल्या प्रमेयातून याचे कारण कळते. न ताणता, न फाडता सपाट पृष्ठाचा गोल करता येत नाही. संत्र्याचे साल टेबलावर दाबून सपाट करून पाहा, ते फाटतेच.

मग उपाय एकच, आधीच शहाणपणाने फाडायचे. अल्ब्रेख्त ड्युरर हा चित्रकार न्यूरेंबर्गचा, आणि ते शहर चिलखते घडवणाऱ्या कारागिरांसाठी प्रसिद्ध होते. त्याने १५२५ साली भूमितीवर पुस्तक छापले. त्यात घन, अष्टफलक आणि इतर ठोकळे उलगडून सपाट कागदावर कसे दिसतील याची चित्रे दिली. कापा, दुमडा, चिकटवा की ठोकळा तयार. दुकानातले मिठाईचे खोकेही असेच सपाट कापून दुमडलेले असते, आणि शिंप्याचे खाकी कागदावरचे बेतणेही याच घराण्यातले.

मडक्याचा टोप सगळ्यांच्या डोक्याला बसत नसे, म्हणून मुख्य पात्रांसाठी सर मापाने टोप करत. त्यांची आखणी मी इथे देतो, कारण ती कुठे लिहून ठेवलेली नाही. दोरीने डोक्याचा घेर घ्यायचा, त्यात अर्धा इंच सैल धरायचा. समजा २२ इंच आला. त्याच्या आठ पाकळ्या. प्रत्येक पाकळीची खालची रुंदी घेराचा आठवा हिस्सा, म्हणजे पावणेतीन इंच. उंची घेराचा चौथा हिस्सा, म्हणजे साडेपाच इंच. पाकळीच्या कडा सरळ रेषेत टोकाला नेल्या तर विदूषकाची टोपी होते. कडा बाहेरच्या बाजूला किंचित फुगवून नेल्या की घुमट होतो. दोन पाकळ्यांच्या कडांवर समोरासमोर पेन्सिलीच्या खुणा करायच्या, म्हणजे चिकटवताना एकही पाकळी वरखाली सरकत नाही. आतून कापडी पट्टी, वरून खळीचा कागद.

भूमितीच्या बाईंनी हे एकदा पाहिले आणि नववीच्या वर्गात फळ्यावर गोल काढून चौथा हिस्साच का, ते समजावले. टाळूपासून कपाळाच्या पट्टीपर्यंतचे अंतर म्हणजे पूर्ण वर्तुळाचा पाव भाग. त्या दिवशी भूमिती डोक्यावर बसली, असे आमच्यातला एक जण म्हणाला होता.

पुठ्ठ्याकडून फोमकडे

आज याच कामाला जगभर मोठा हौशी समाज लाभला आहे. १९३९ साली न्यूयॉर्कला भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे भविष्यकाळातले म्हणून कल्पिलेले पोशाख घालून आले होते. ते पोशाख डग्लस यांनी शिवले होते. जपानमध्ये १९८३ साली नोबुयुकी ताकाहाशी या पत्रकाराने अशा वेषधारणेला ‘कॉसप्ले’ हा जोडशब्द दिला. भारतात २०११ साली दिल्लीत पहिले कॉमिक कॉन भरले आणि मग आपल्याकडेही पोरे लोखंडी दिसणाऱ्या पोशाखांत फिरताना दिसू लागली.

त्यांचे लोखंड म्हणजे ईव्हीए फोम. चपलांचे तळ आणि लहान मुलांच्या खोलीत अंथरायच्या रंगीत चौकोनी चटया ज्याच्या असतात, तोच. माझी पुतणी हे काम करते, तिच्याकडून शिकलेली रीत थोडक्यात सांगतो. अंगाभोवती आधी स्वयंपाकघरातले पातळ प्लॅस्टिक गुंडाळायचे, त्यावर चिकटपट्टी. त्यावर पेनने चिलखताच्या रेषा आखायच्या आणि कापून अंगावरून काढायचे. हे झाले अंगाचे साल. ते कागदावर सपाट करायचे, जिथे सपाट होत नाही तिथे त्रिकोणी चीर द्यायची. मग तो खाका फोमवर ठेवून धारदार पात्याने कापायचा. छातीला १० मिलिमीटर जाडी, दस्तान्यांना ५, नक्षीला २. दोन्ही कडांना चपलेचे सोल्युशन लावून दहा मिनिटे थांबायचे, हाताला चिकटेनासे झाले की दाबायचे. गरम हवेच्या बंदुकीने फोम तापवला की तो मऊ होतो, वळवावा तसा वळतो आणि गार झाल्यावर तसाच राहतो. शेवटी काळा रंग आणि त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी हात. सोल्युशनच्या वासात आणि फोमच्या धुरळ्यात खिडक्या उघड्या हव्यात आणि तोंडावर मास्क हवा, हे ती पहिल्यांदा सांगते. पूर्ण चिलखत दोन-तीन किलोंत होते.

ड्युररचे काम आता संगणक करतो. जपानी ‘पेपाकुरा’ या प्रणालीत त्रिमितीय आकृती दिली की ती उलगडून सपाट तुकडे छापते आणि प्रत्येक कडेवर क्रमांक टाकते. एक ते एक, दोन ते दोन असे चिकटवत जायचे. आमच्या पेन्सिलीच्या खुणांचे हे नवे रूप.

अशा वस्तूंवरून कोर्टकज्जेही झाले आहेत. ‘स्टार वॉर्स’मधल्या पांढऱ्या शिपायांची शिरस्त्राणे ॲन्ड्र्यू एन्सवर्थ यांनी प्लॅस्टिकचे पत्रे तापवून साच्यावर ओढून बनवली होती. पुढे त्यांनी तशी शिरस्त्राणे विकायला सुरुवात केली, तेव्हा वाद थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. २०११ साली न्यायालयाने ठरवले की ते शिरस्त्राण म्हणजे शिल्प नव्हे, चित्रपट बनवण्याच्या कामातली ती एक उपयोगाची वस्तू आहे. आपले सर असते तर त्यांना हा निकाल आवडला असता. गॅदरिंग संपल्यावर कुणी टोप घरी नेऊ का विचारले तर ते म्हणायचे, “ते शोभेचं नाही. पुढच्या वर्षी कामाला लागेल.”

पेटीत काय उरले आहे

शाळेची जुनी इमारत या उन्हाळ्यात उतरवायची आहे, हे आपल्याला माहीत आहेच. चित्रकला वर्गामागच्या खोलीतली ‘कपडेपट’ लिहिलेली लोखंडी पेटी मार्चमध्ये आम्ही चौघांनी उघडली. सुतळीच्या चिलखताचा अर्धा भाग कुजलेला आहे, झाकणे काळवंडली आहेत. जिरेटोपांपैकी एकच शाबूत आहे. कागद कागदासारखाच वागला, त्याबद्दल तक्रार नाही.

पण तळाशी खाकी कागदाची एक गुंडाळी होती. सरांचे खाके. पाकळ्या, खांद्याचे पत्रे, ढालीचे गोल, सगळे सुतळीने बांधलेले. प्रत्येकावर पेन्सिलीने साल, पात्राचे नाव, घालणाऱ्या मुलाचे नाव आणि माप. असे एकतीस. पहिला १९७४ चा, शेवटचा १९९६ चा. त्यानंतर सर निवृत्त झाले, चित्रकलेचे पूर्णवेळ पद भरले गेले नाही आणि कपडे भाड्याने येऊ लागले. आमच्या तुकडीच्या शिवाजीचा खाकाही त्यात आहे. डोक्याचा घेर साडेएकवीस इंच. तो मित्र चार वर्षांपूर्वी गेला. त्याच्या मुलीला मी त्या कागदाचे छायाचित्र पाठवले, तेव्हा तिने आधी माप वाचले आणि मग स्वतःचे डोके मोजले. तिचेही साडेएकवीस भरले.

चिलखत टिकत नाही, पण त्याचा खाका असला की ते पुन्हा करता येते. माझी पुतणी तो कागद फोमवर ठेवून एका रविवारात टोप कापेल, आणि तो नेमका त्याच्या मापाचा होईल. म्हणून समितीपुढे आणि मुख्याध्यापकांपुढे दोन विनंत्या ठेवतो. पहिली, हे एकतीस खाके इमारतीबरोबर जाऊ नयेत. त्यांच्या स्वच्छ प्रती काढून एक संच नव्या चित्रकला वर्गात आणि एक शाळेच्या ग्रंथालयात ठेवावा. त्याचा खर्च आमची तुकडी उचलेल. दुसरी, पुढच्या डिसेंबरात भाड्याचे कपडे न आणता आठवी-नववीच्या मुलामुलींनी या खाक्यांवरून स्वतः चिलखते करावीत. शनिवारी दुपारी येऊन शिकवायला आमच्यातले पाच जण तयार आहेत. साहित्य फोम असो वा रद्दी, खळ मी शिजवून आणीन.

आणि कार्यक्रमपत्रिकेवर, घालणाऱ्यांच्या नावांखाली, करणाऱ्यांचीही नावे छापावीत.